पोपटांसाठी महाराजबागेत चौकशी करावी

मंगळवार, ४ फेब्रुवारी १९७५. सकाळी धुके. दूधवाला उशिरा आला. ह्यांच्या निळ्या शर्टाला दोन बटणे लावली. भांडारात दुपारी एक ते चार. फळ्यावर नऊ चिठ्ठ्या : पाच प्रेमिलाच्या नावाने, तीन व्यवस्थापनाच्या, एक वात्रट. वात्रट चिठ्ठीला योग्य ते उत्तर दिले. संध्याकाळी डोके दुखत होते.

त्या नोंदीतल्या 'वात्रट' या शब्दाखाली रेघ ओढलेली आहे. शाई तीच, म्हणजे रेघ त्याच दिवशी ओढली. तेव्हा मला माझा अभिमान वाटला असणार.

हे गेल्याला आठ वर्षे झाली. माझ्या डायऱ्या मी वयाच्या तेराव्या वर्षापासून जपून ठेवल्या आहेत, आणि त्या वाचताना एक गोष्ट लक्षात येते. १९७३ ते १९७५ या अडीच वर्षांत माझ्या मुलाचे नाव एकूण चाळीसेक वेळा आले आहे, आणि प्रेमिला गोंडाणेचे जवळजवळ रोज. हे एकदा म्हणालेही होते, "तू आपली डायरी लिहितेस, की त्या बाईची?" खरे उत्तर असे होते की मी तिच्यावर जळत होते, आणि ज्याच्यावर माणूस जळतो त्याच्याबद्दल त्याला सगळे ठाऊक करून घ्यावेसे वाटते.

धंतोलीत आमचे 'सुगरण महिला सहकारी भांडार' होते. इंदुताईंनी ते सुरू केले. त्या वकिलाच्या बायको, जुन्या नागपूरच्या, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठे. आम्ही १९७१ साली मुंबईहून आलो. हे जंगलखात्यात होते, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. इंदुताईंनी माझे अक्षर पाहिले आणि म्हणाल्या, "कुसुमताई, तुम्ही आमचा फळा सांभाळा."

फळा म्हणजे भिंतीवर टांगलेली रुंद फळी, तिच्यावर हिरवे बनातीचे कापड आणि टाचण्या. तो टंचाईचा काळ होता. साखर आली का, डालडा कधी, रवा का नाही, हे विचारायला बायका दिवसभर काउंटरशी गर्दी करीत. म्हणून असे ठरले की ज्याला जे विचारायचे ते त्याने चिठ्ठीच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहून फळ्याला टाचावे, आणि खालच्या अर्ध्या भागावर भांडाराने उत्तर लिहावे. एकीला दिलेले उत्तर दहा जणींना वाचता येई. कल्पना चांगली होती. उत्तरे देण्याचे काम मी मानद म्हणून करीत असे, आणि ते काम मला फार प्रिय होते.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटने आम्हांला पत्रलेखन शिकवले होते. ती म्हणे की चांगल्या पत्रात 'मी' कमीत कमी दिसावा. मी तो धडा मराठीत आणला. माझी उत्तरे अशी असत : "अंजनाबाई यांस, साखरेच्या पुरवठ्याबाबत पत्रव्यवहार सुरू आहे. आपणांस यथावकाश कळविण्यात येईल. — व्यवस्थापन." अक्षर छापल्यासारखे, समास सोडलेला, काना-मात्रा जागच्या जागी. लोक फळ्यापुढे उभे राहत, तेव्हा मला वाटे की ते अक्षर पाहत आहेत.

प्रेमिला भांडारात रोजंदारीवर धान्य निवडायला होती. मूळची उमरेडची, विणकराची मुलगी. १९५६ साली दीक्षेला वडिलांबरोबर नागपूरला आली तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि पुढे इथेच शिकली. मॅट्रिकला इंग्रजीत राहिली. नवरा कवडू छापखान्यात कंपोझिटर. फळ्यावरच्या चिठ्ठ्यांचा कागद तीच आणीत असे, छापखान्यातली कात्रणे. चिठ्ठी उलटली की मागे अर्धी लग्नपत्रिका नाहीतर सर्कशीची जाहिरात निघे.

१९७३च्या पावसाळ्यात मला आठ दिवस ताप आला. परत गेले तर फळ्यावर नव्या तऱ्हेची उत्तरे.

"अंजनाबाई, साखर नाही आली. ट्रक भंडाऱ्यापाशी बिघडला म्हणतात. शनिवारी अकरा वाजल्यावर या, आधी येऊन उन्हात नका उभ्या राहू. नातीचं बारसं रविवारी आहे ते मले ठाऊक आहे, तुमचं बाजूला काढून ठेवीन. — प्रेमिला, गव्हाच्या पोत्यांपाशी."

मी इंदुताईंना म्हटले, हे काय आहे? हे पत्र आहे की पाणवठ्यावरच्या गप्पा? बारशाची गोष्ट चार लोकांपुढे कशाला? आणि 'मले'?

इंदुताई हसल्या. "राहू द्या ना हो. दोघी मिळून करा. ती सकाळी, तुम्ही दुपारी."

असे आम्ही दोघी मिळून करू लागलो, आणि हळूहळू चिठ्ठ्यांच्या वर नावे येऊ लागली. 'प्रेमिलाबाईस', 'प्रेमिलाताईले सांगणे की'. माझ्या वाट्याला 'व्यवस्थापनास' अशा चिठ्ठ्या येत, आणि त्याही अशा लोकांच्या ज्यांना भांडायचे असे. मी रोज मोजत असे. डायरीत आकडे आहेत : सहा-दोन, सात-तीन, आठ-एक. माझ्या नावाने चिठ्ठी कधीच आली नाही, कारण माझे नाव फळ्यावर कुठे नव्हतेच. हे मला तेव्हा सुचले नाही. मला वाटे की लोकांना सलगी आवडते, शिस्त नको.

मी मग लाल पेन्सिल आणली. प्रेमिलाच्या टाचलेल्या उत्तरांवर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करू लागले. 'पिठ' चे 'पीठ', 'दिड' चे 'दीड'. तिसऱ्या दिवशी एका चिठ्ठीखाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिले, "बाई, आम्हाले समजलं होतं." पेन्सिल मी पर्समध्ये ठेवली. त्या दिवशीच्या नोंदीत फक्त हवामान आहे.

तिच्याशी माझे एकच मोठे भांडण झाले. एका चिठ्ठीवर कुणी विचारले होते, "तुरीची चुरी मिळेल का?" चुरी म्हणजे डाळ भरडल्यावर उरणारे तुकडे, एरवी गुरांना घालतात. खाली सही एका कारकुनाच्या बायकोची. प्रेमिलाने ती चिठ्ठी फळ्यावरून काढली आणि कमरेला खोचली.

मी म्हटले, "प्रत्येक चिठ्ठीला फळ्यावर उत्तर द्यायचे, असा नियम आहे."

ती गहू पाखडणे थांबवून माझ्याकडे पाहू लागली. "बाई, चुरी कोन खाते अन् काहून खाते, हे साऱ्या धंतोलीनं वाचायचं का?"

"मग तिने लिहिले कशाला?"

"तिले वाटलं कोनी वाचत नाही, तुमच्यासारखंच कोनीतरी मुकाट्यानं उत्तर देते. 'हो' म्हणायचं असंल तर मी फळ्यावर लिहितो. 'नाही' म्हणायचं असंल तर माणसापाशी जाऊन म्हणते. अन् असं असंल तर कानात."

"लिहितो नाही, लिहिते," मी म्हटले.

ती खळखळून हसली. "बघा, तुमची पेन्सिल तोंडातबी आहे."

बाजूच्या दोघी हसल्या. मला ते हसणे सहन झाले नाही. त्याहून सहन झाले नाही ते हे, की तिचे म्हणणे बरोबर होते आणि सिस्टर बर्नाडेटनेही तेच म्हटले असते.

१९७५च्या जानेवारीत समितीने ठरवले की फळ्यासाठी पगारी माणूस ठेवायचा. कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, दिवाळीला साडी. प्रेमिलाला ती जागा मिळाली तर सुपाचे काम सुटणार होते. धान्याच्या धुळीने तिला खोकला लागला होता, डॉक्टरांनी ते काम सोडा म्हणून सांगितले होते. निर्णय सोमवार, १० फेब्रुवारीला चार वाजता व्हायचा होता. मला पगार नको होता. मला फळा हवा होता.

आणि ४ तारखेला ती चिठ्ठी आली.

मोठी, वेडीवाकडी अक्षरे, प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ. मजकूर असा : "पोपट आले का. मागल्या साली न्हेले ते अर्धे किडके निघाले. यंदा चांगले मंगवा. भीमाबाई."

मी दोनदा वाचली. किडके पोपट! मला वाटले, कॉलेजातल्या पोरांचे काम. फळ्याची ही दशा प्रेमिलाच्या सलगीमुळे झाली, आता लोक इथे थट्टा करायला येऊ लागले. शेजारीच तिच्या नावाच्या पाच चिठ्ठ्या होत्या. ती त्या वेळी इतवारीला धान्याचे नमुने पाहायला गेली होती. काउंटरवर दोन जणी होत्या, त्यांना विचारता आले असते. मी विचारले नाही. मी टोपण काढले आणि माझ्या उत्तम अक्षरात लिहिले :

"हे भांडार पशुपक्ष्यांचे दुकान नव्हे. पोपटांसाठी महाराजबागेत चौकशी करावी. — व्यवस्थापन."

महाराजबागेत तेव्हाही पिंजरे होते, लोक मुलांना घेऊन पाहायला जात. मला ते उत्तर फार चांगले साधले असे वाटले. असे चटपटीत उत्तर प्रेमिला देऊ शकेल का, असेही वाटले.

शुक्रवारी इंदुताईंनी मला आत बोलावले. दार लावून घेतले.

"कुसुमताई, ऐकलं का? काय मस्करी चालली आहे फळ्यावर! परवा सकाळी ती भीमाबाई आली, प्रसूतिगृहात आया होती ती, रामबागेतली. तिची चिठ्ठी कुणीतरी नवीन बाईनं मोठ्यानं वाचली. 'पोपटांसाठी महाराजबागेत जा' म्हणे! सगळ्या हसल्या. ती म्हातारी चिठ्ठी उपटून घेऊन गेली. आज माझ्या घरी आली होती. म्हणते, 'मी गरीब असन, पन मी का येडी आहो?'"

"पण," मी म्हटले, "पोपट म्हणजे..."

"अहो, पोपट! वाल! तुम्ही मुंबईकडचे काय म्हणता, कडवे वाल. इकडे पोपट म्हणतात. थंडीत हिरव्या शेंगा, मग वाळलेले दाणे. आपल्याकडे मागच्या खोलीत पोतं आहे की."

कडवे वाल. माझी बहीण दादरहून दर चार महिन्यांनी मला वाल पार्सलने पाठवीत असे, कारण मी तिला लिहिले होते की या नागपुरात वाल मिळत नाहीत. मी चार वर्षे त्या पोत्याच्या पुढ्यातून येत-जात होते.

"कुणी लिहिले ते कळले का?" मी विचारले.

"कोण लिहिणार? खाली 'व्यवस्थापन' होतं म्हणतात. स्वतःचं नाव टाकायची हिंमत झाली नसेल. पण असा टोमणा तुम्ही मारणार आहात का? ही प्रेमिलाच. थट्टा-मस्करी तिचीच असते. मला वाईट वाटते हो, सोमवारी तिचंच नाव मांडणार होते. आता कसं मांडू?"

मला फक्त चार शब्द बोलायचे होते : 'ते उत्तर मी लिहिले.' पण मी बोलले ते असे :

"भाषेकडे लक्ष द्यायला हवे, हे मी मागेच म्हटले होते."

हे वाक्य खोटे नव्हते. म्हणून तर ते मला आजही आठवते.

शनिवारी प्रेमिला पोत्यांपाशी गहू पाखडत होती. मी फळ्यासमोर उभी राहिले. ती माझ्याकडे न पाहता बोलू लागली.

"भीमाबाईले तुम्ही ओळखता का, बाई?"

"नाही."

"साठ वर्षाची आहे. आमच्या विहारात सांजच्या वेळी मी बायकांले अक्षरं शिकवतो. शिकवते. दोन साल झाले तिले 'क' गिरवता गिरवता. मी म्हटलं, 'मावशी, आता तोंडानं नाही विचारायचं. चिठ्ठी लिवा.' तिची ती पयली चिठ्ठी होती." तिने सूप झटकले. "आता म्हणते, 'प्रेमिला, मी अंगठाच बरा होता वं.' कोनं लिहिलं असंल, बाई? तुम्हाले काय वाटते?"

"मला कसे ठाऊक असणार?"

"हो, तुम्हाले कसं ठाऊक असंल," ती म्हणाली, आणि खोकली.

त्या दिवशीच्या नोंदीत आहे : 'प्रेमिलाशी बोलणे झाले.' काय बोलणे झाले ते लिहिलेले नाही. मी आयुष्यभर डायरीत धोब्याचे कपडेही नोंदले आहेत, पण त्या पानावर मी खोटे बोलले हे लिहायला हात धजला नाही. फळ्यावरचे खोटे 'व्यवस्थापना'च्या नावाने खपले असते. डायरीवर माझेच नाव होते.

रविवारी हे दौऱ्यावरून आले. जेवताना मी सहज विचारल्यासारखे विचारले, "पोपट म्हणजे काय, ठाऊक आहे का हो?"

"वाल," हे म्हणाले. "आमच्या गार्डच्या डब्यात रोज असतात. का?"

"मला कधी सांगितले नाहीत!"

"तू विचारलेस कधी? तू सांगतेस, कुसुम. विचारत नाहीस." आणि त्यांनी ताक मागितले.

मग मी त्यांना सगळे सांगितले. मला वाटले होते ते काही शहाणपणाचे बोलतील. ते एवढेच म्हणाले, "त्या बाईचा खोकला कसा आहे?"

मला तिच्या खोकल्याचाही राग आला. तिच्याकडे खोकला होता, भीमाबाई होती, विहारातला वर्ग होता, चिठ्ठ्या होत्या. आता माझ्या नवऱ्याची विचारपूसही तिच्याचकडे गेली. माझ्याकडे एक चांगले अक्षर होते आणि त्याने मी काय केले होते!

सोमवारी सकाळी मी चिठ्ठी लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात लिहिले, 'भांडाराकडून अनवधानाने चूक झाली.' फाडला. दुसऱ्यात लिहिले, 'सदर उत्तराबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे.' तोही फाडला. तिसरा लिहिला आणि सिस्टर बर्नाडेटची माफी मागून त्यातले 'मी' तसेच राहू दिले :

"भीमाबाई, मंगळवारी महाराजबागेचे उत्तर मी लिहिले. पोपट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते आणि मी कुणाला विचारलेही नाही. मला वाटले, कुणी थट्टा करीत आहे. थट्टा मीच केली. प्रेमिलाबाईंचा यात काही संबंध नाही. शुक्रवारी मी हे इंदुताईंना सांगायला हवे होते, ते सांगितले नाही. मी तुमची माफी मागते. — कुसुम देवस्थळी."

दहा वाजता, भांडार उघडले तेव्हा, ती मी फळ्याच्या मधोमध टाचली. इंदुताईंना आत जाऊन आधी सांगता आले असते, दार लावून. पण अपमान फळ्यावर झाला होता. एवढे तरी मला प्रेमिलाकडून आले होते.

अकरा वाजेपर्यंत सगळ्यांनी वाचली होती. कुणी हसले नाही, तेच वाईट होते. इंदुताईंनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. "कुसुमताई, तुम्ही?" एवढेच म्हणाल्या. चार वाजता समिती बसली. प्रेमिलाची नेमणूक पाच मिनिटांत झाली. पुढची दहा मिनिटे माझ्याबद्दल बोलणे झाले. ठरले ते असे, की फळ्याचे सगळे काम प्रेमिलाबाई पाहतील आणि देवस्थळीबाईंनी मागच्या खोलीतल्या पुस्तकांची यादी करावी. पुस्तके एकोणतीस होती.

बाहेर प्रेमिला उभी होती. तिने कमरेचा कागद काढून माझ्या हातात दिला. माझे अक्षर, माझा समास, 'महाराजबागेत चौकशी करावी'. मागे अर्धी सर्कस.

"भीमाबाई त्याच सांजेले माझ्या घरी आली होती," ती म्हणाली. "विचारे, 'तू लिवलं का वं?' मी अक्षर पाहिलं अन् समजली."

"म्हणजे शनिवारी तुला ठाऊक होते!"

"होतं ना."

"आणि तू मला विचारलेस..."

"मी वाट पाहून राहिले होते, तुम्ही बोलता का म्हणून. चार वाजेपर्यंत. नाही बोलल्या असत्या तर ही चिठ्ठी इंदुताईच्या टेबलावर ठेवणार होती. मले नोकरी पाहिजे, बाई. मी काही देवी नाही."

दिवसभर मी मनात एक गोष्ट बाळगली होती की मी तिला काहीतरी दिले. नोकरी नाही तर निदान सुटका. तेही नव्हते. चिठ्ठी तिच्या कमरेला होती, माझ्यावाचून तिचे काही अडले नव्हते. मी तिथे उभी राहून पुन्हा जळले. खरे सांगायचे तर त्या क्षणाइतकी मी तिच्यावर कधीच जळले नाही.

"मग माझ्या माफीचा उपयोग काय झाला?" मी म्हटले. हे विचारायला नको होते, पण विचारले.

"माझ्या नाही ना उपयोगाची," ती म्हणाली. "तिच्या आहे. तिनं मोठ्यानं वाचून दाखवली साऱ्यांले, तुम्ही आत होत्या तव्हा. 'देवस्थळी'ले थोडी अडकली."

बुधवारी मी मागच्या खोलीत पुस्तके पुशीत होते. पोपटाचे पोते माझ्या गुडघ्याशी होते. प्रेमिला आली. तिच्या अंगावर नवी साडी नव्हती, पण कानामागे पेन होते, आणि ते मला आधी दिसले.

"ही तुमची," ती म्हणाली.

चिठ्ठीवर तीच मोठी अक्षरे. वर नाव होते : 'कुसुमबाईस.' फळा सांभाळू लागल्यापासून माझ्या नावाने आलेली ती पहिली चिठ्ठी.

"कुसुमबाईस. माफी पावली. पन पोपट आले का ते सांगतलंच नाही. भीमाबाई."

मी खालपर्यंत वाचले. सात ओळी लिहिल्या होत्या मी, पाच वेळा 'मी' घातला होता, आणि तिने जे विचारले होते त्याचे उत्तर त्यात नव्हतेच.

"तू दे उत्तर," मी म्हटले. "फळा तुझा आहे."

"तिनं मले नाही विचारलं. नाव कोनाचं आहे पाहा. ज्याले विचारलं त्यानंच सांगावं." तिने कानामागचे पेन काढून माझ्यापुढे धरले. "अन् आधी पोतं उघडून पाहा. किडके असले तर तसं लिहा. अंदाजानं नका लिहू."

मी पोते उघडले. मूठभर दाणे तळहातावर घेऊन खिडकीशी नेले. पाचदहा दाण्यांना भोके होती, बाकी चांगले. ती दाराशी उभी राहून पाहत होती, तपासनिसासारखी. मला तिचे ते उभे राहणे आवडले नाही. तरी मी लिहिले :

"भीमाबाई, पोपट आले आहेत. थोडे किडके आहेत, पण निवडून देता येतील. तुम्ही याल तेव्हा मागच्या खोलीत मला हाक मारा. — कुसुम, पुस्तकांपाशी."

प्रेमिलाने वाचले. "येतील नाही," ती म्हणाली, "निवडून ठेवते म्हणा. 'येतील' म्हटलं का माणूस चकरा मारते." आणि माझ्या हातातून पेन घेऊन तिने 'निवडून देता येतील' यावर काट मारली, वर लिहिले, 'निवडून ठेवते'. माझ्या उत्तरावर. माझ्या अक्षरावर.

ती चिठ्ठी अजून डायरीत आहे. तिची काट आणि माझी ओळ दोन्ही. प्रेमिलाने पुढे नऊ वर्षे फळा सांभाळला, भांडार बंद होईपर्यंत. हे गेले तेव्हा ती आणि भीमाबाई दोघी आल्या होत्या. प्रेमिला माझ्याजवळ येऊन बसली. तशी ती सगळ्यांकडेच जाऊन बसत असे, आणि दुःखाच्या त्या दिवशीही मला हे सुचले. आजही कुणी तिचे नाव प्रेमाने घेतले की मी मनात चिठ्ठ्या मोजू लागते.

त्या बुधवारची नोंद अशी आहे :

बुधवार, १२ फेब्रुवारी १९७५. आकाश निरभ्र. पुस्तके एकोणतीसपैकी अठरा झाली. फळा : प्रेमिला अकरा, मी एक. भीमाबाईसाठी दोन किलो निवडले, घरासाठी अर्धा किलो घेतले. दादरला पत्र टाकले, वाल पाठवू नकोस. पोपट भिजत घातले आहेत. मोड यायला दोन दिवस लागतील.